कलमं करारावर घालू नका, आधी मुलाला नेटवर्क कळू दे

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्स, ५८ टक्के. इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही. गेले आठ महिने गावातल्या केबलवाल्याकडे इंटरनेटच्या जोडण्या करतो, महिना सात हजार मिळतात. मुंबईच्या एका क्लासने सहा महिन्यांच्या ‘एथिकल हॅकिंग’च्या (परवानगीने नेटवर्कमध्ये शिरून त्यातले दोष शोधण्याच्या, म्हणजे सायबर सिक्युरिटीच्या) कोर्सला १ लाख ६० हजार सांगितलेत, वर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. मुलाचे वडील हापूसची चाळीस कलमं तीन वर्षांच्या करारावर देऊन उचल घ्यायला निघालेत. पत्राच्या शेवटी ताईंनी विचारलंय, “झिलाक ह्यां जमतला काय?”

ताई, जमतला. पण कलमं करारावर घालू नका. निदान या कोर्ससाठी तरी नको.

तुम्ही लिहिलंय, “बारावी सायन्स करून खांबावर चढतो, लोकांना सांगायला बरं वाटत नाही.” मला मात्र तुमच्या पत्रातली हीच ओळ सगळ्यात आशेची वाटली. केसासारखी बारीक काचेची फायबर सोलून, कापून, स्प्लाइसिंग मशीनमध्ये जोडणारा हात त्याच्याकडे आहे. घरातल्या डब्यावर लाल दिवा लागला की दोष कुठे शोधायचा, फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरवर आकडा वजा २७ च्या खाली गेला की गिऱ्हाइकाचं नेट का तुटतं, हे तो आत्ताच पाहतोय. खाऱ्या हवेने हिरवे पडलेले तांब्याचे पिन आणि मे महिन्याच्या अखेरच्या विजांनी जळालेले स्विचचे (कॉम्प्युटरांच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्याचे) पोर्ट मुंबईतल्या क्लासच्या वातानुकूलित खोलीत बघायला मिळत नाहीत. कातळावर अर्थिंग धड लागत नाही, म्हणून कुठे काय करावं लागतं, हेही त्याने एव्हाना पाहिलं असेल.

आता सिक्युरिटी आधी का नको, ते एका प्रसंगावरून सांगतो. मी या सल्ल्याच्या कामात येण्याआधी बारा वर्षं नेटवर्कची कामं केली. एका पतसंस्थेत रोज दुपारी निम्म्या कॉम्प्युटरांचं इंटरनेट बंद पडायचं. सगळे म्हणत होते, व्हायरस आहे. अँटिव्हायरस दोनदा बदलून झाला. माझ्याबरोबर आलेल्या, तुमच्या मुलाच्याच वयाच्या पोराने बंद पडलेल्या एका मशीनवर कमांड लिहायची काळी खिडकी उघडून आयपी पत्ता वाचला आणि शेजारच्या चालू मशीनवरचा वाचला. दोन्हीकडचा गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचं दार, वेगळा होता. म्हणजे ऑफिसच्या राउटरखेरीज आणखी कुणीतरी पत्ते वाटत होतं. मग त्याने त्या परक्या गेटवेचा मॅक पत्ता (यंत्राची स्वतःची ओळख सांगणारा क्रमांक) काढला, स्विचच्या तक्त्यात तो कोणत्या पोर्टवर दिसतो ते पाहिलं आणि त्या वायरीमागे चालत गेला. फायलींच्या कपाटामागे घरून आणलेला एक वायफायचा डबा निघाला. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलला नेट मिळावं म्हणून एका कर्मचाऱ्याने तो दुपारी लावायला सुरुवात केली होती.

तिथे कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण हाच डबा चोराने लावला असता, तर त्या मशीनांची बाहेर जाणारी सगळी ये-जा त्याच्या डब्यातून गेली असती. तो हल्ला ओळखायचा तरी याच मार्गाने, आणि रोखायचा तर स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परक्या डब्याला पत्ते वाटू न देणारी सोय, लावून. पत्ते कोण वाटतं, गेटवे म्हणजे काय, स्विच कुणाला कसं ओळखतो हे ज्याला येत नाही, त्याला हॅकिंगचं एखादं तयार सॉफ्टवेअर चालवता येईल, पण पुढे आलेला आकडा काय सांगतो ते कळणार नाही. सहा महिन्यांचे बरेचसे कोर्स अशी तयार सॉफ्टवेअरंच चालवायला शिकवतात. मुलं प्रमाणपत्र घेऊन येतात, मुलाखतीत ‘२६ च्या मास्कमध्ये किती पत्ते?’ विचारलं की गप्प होतात. (मास्क म्हणजे पत्त्यांचा गट केवढा ते ठरवणारा आकडा. उत्तर ६४. मशीनांना देता येतात ६२. उरलेले दोन कुठे जातात, हे मुलाला विचारा.)

जून २०१७ मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात ठप्प झालं होतं. ते चालवणाऱ्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं जगभरचं नेटवर्क त्यात गेलं. सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि तिथून ते घातक सॉफ्टवेअर एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरत गेलं. सगळ्यांची ओळख सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकच धड प्रत उरली होती, घानामध्ये, कारण तिथे त्या वेळी वीज गेलेली होती. नंतर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. अशी आग थांबवायला नेटवर्कचे कप्पे करावे लागतात, आणि ते करणारा माणूस आधी नेटवर्कवाला असतो.

मग करायचं काय? पहिलं वर्ष नेटवर्किंगचं, आणि तेही घरी राहून. नोकरी सुरूच ठेवू दे. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरेल. नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचा पॅकेट ट्रेसर फुकट मिळतो, त्यात राउटर, स्विच, वायरी सगळं पडद्यावर जोडून पाहता येतं. दुसरं सॉफ्टवेअर वायरशार्क, तेही फुकट. वायरीतून काय वाहतंय ते त्यात डोळ्यांनी दिसतं. लिनक्स रोज वापरू दे. रोज दीड तास, आणि सबनेटिंग (पत्त्यांचे गट पाडण्याचं गणित) मात्र कागदावर, पेन्सिलने. वर्षभराने सिस्कोची नेटवर्किंगची सीसीएनए परीक्षा: १२० मिनिटांची, फी ३०० डॉलर आणि वर कर, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. एवढे पैसे त्याच्या पगारातून साठतील. सिक्युरिटी प्लस वगैरे सिक्युरिटीच्या सुरुवातीच्या परीक्षा त्यानंतर. ‘सीआयएसएसपी’ या सिक्युरिटीच्या वरच्या प्रमाणपत्राची जाहिरात कुणी दाखवली तर लक्ष देऊ नका, त्याला पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

पदवीची गोष्ट टाळू नका. बऱ्याच कंपन्यांत अर्जाच्या पहिल्या चाळणीतच पदवी मागतात. बारावी सायन्सवर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सरकारी तंत्रनिकेतनं मालवणला नि रत्नागिरीला आहेत. नोकरी सोडायची नसेल तर मुक्त विद्यापीठातून बीसीए करता येतं. मी असतो तर तंत्रनिकेतन निवडलं असतं.

पत्रात तुम्ही कौतुकाने लिहिलंय की मुलाने शेजाऱ्यांच्या वायफायचा पासवर्ड ‘फोडून दाखवला’. ताई, इथे मी कडक बोलणार. शेजारी हसले म्हणून सुटलं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा ठरू शकतो: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि या धंद्यात एकदा पोलिसात नाव गेलं की दार बंद, कारण लोक आपल्या किल्ल्याच अशा माणसाच्या हातात देतात. त्याला म्हणावं, स्वतःचे दोन जुने राउटर घे, ते फोड, परत नीट बंद कर, आणि काय केलंस ते वहीत लिही.

नोकऱ्या आहेत. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं आहेत, तिथे रात्रपाळीत नेटवर्कवर नजर ठेवायला माणसं लागतात. सायबर सिक्युरिटीच्या विभागात सुरुवातीचं काम इशारे वाचून खरे-खोटे वेगळे करण्याचं. २०२२ पासून सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशाने सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रांवर काय घडलं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात, त्यामुळे हे काम कंपन्यांना टाळता येत नाही. इंग्रजी बोलण्यापेक्षा लिहिणं जास्त लागेल: काय बिघडलं, काय केलं, चार ओळींत. त्याची सवय आतापासून करावी.

क्लासवाल्यांचा पुन्हा फोन आला तर एवढंच विचारा: मागच्या तुकडीतली मुलं कुठे, कोणत्या पदावर, किती पगारावर लागली, आणि नोकरी नाही लागली तर फी परत देण्याचं लेखी द्याल का? उत्तर कागदावर येईपर्यंत एक रुपया देऊ नका. वडिलांनाही हे वाचून दाखवा. तीन मोसमांचा आंबा आज विकला, तर मध्ये घरात अडचण आली की हात रिकामे राहतील.

मुलाला एक काम देतो. केबलवाल्याच्या ऑफिसपासून तुमच्या वाडीपर्यंत सिग्नल कसा येतो, मध्ये सिग्नल वाटणारे किती स्प्लिटर, कोणत्या खांबावर जोड, कुठला पत्ता कोणाला, याचा नकाशा मालकाला विचारून हाताने काढू दे. गणपतीपर्यंत मला पाठवू दे, पुढचं काय शिकायचं ते मी नकाशा पाहून सांगतो.