पुराची मदत वेगळी, पूर अडवायचा निधी वेगळा: एका ठरावात आमची दीड वर्षं गेली

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. वारणाकाठची साठ-सत्तर घरांची वस्ती, २०१९ आणि २०२१ ला छपराला पाणी, २०२४ ला उंबऱ्याला लागून परत फिरलं, आणि निवेदन घेऊन जाल तिथे एकच उत्तर, "निधी उपलब्ध नाही." तुम्ही विचारलंय की मागायचं नेमकं कुणाकडे. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातली, दोन टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, आमची वस्तीही अशीच ओढ्याच्या आणि नदीच्या बेचक्यात. तुमचं लिहिलेलं वाचताना आमचीच फाईल कुणीतरी पुन्हा उघडलीय असं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधीच सांगते, मी वकील नाही, सरकारी नोकरीतही नव्हते. शासन निर्णय बदलत असतात. मी सांगते ते आमच्या अनुभवावरून, तुमच्या तालुक्यात थोडं वेगळं असू शकेल. पंचनामा, आधार, बँक खातं हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

"निधी उपलब्ध नाही" हे वाक्य बहुतेक वेळा अर्धं असतं. पूर्ण वाक्य असतं, "तुम्ही ज्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ज्या खात्यातून, मागताय तिथे या कामासाठी निधी नाही." पूर येऊन गेल्यावर जी मदत मिळते, म्हणजे २०१९ ला ग्रामीण भागात कुटुंबामागे जे १० हजार मिळाले, त्यातले ५ हजार रोख, किंवा घर पडल्याचे पैसे, ते मदतीच्या खात्यातले. त्या पैशातून पुढच्या पुरासाठी रस्ता उंच करता येत नाही. त्यासाठी वेगळा निधी आहे, राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी, म्हणजे आपत्तीचा धोका आधीच कमी करायच्या कामांचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्तीच्या पैशाची वाटणीच तशी केली होती, ८० टक्के प्रतिसादाला आणि २० टक्के सौम्यीकरणाला. त्याचा रस्ता जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणातून जातो, आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. तहसीलदारांच्या टेबलावर दहा निवेदनं दिलीत तरी तिथे फक्त पंचनाम्याचं काम चालतं. आम्ही पहिले सहा महिने तिथेच चपला झिजवल्या.

आता आमची चूक. हीच सांगण्यासाठी लिहायला बसले.

ऑगस्ट २०१९ चा पूर ओसरल्यावर सगळे चिडलेले होते. घरात गुडघाभर चिखल, भांडी सापडत नव्हती, दोन म्हशी गेल्या होत्या. विधानसभेची आचारसंहिता संपल्यावर विशेष ग्रामसभा घेतली. समाजमंदिराच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ तशीच होती, माझ्या डोक्याच्या वर हातभर. त्या भिंतीखाली बसून ठराव लिहिला. कुणी म्हणालं, आम्हाला इथून हलवा, गायरानात जागा द्या. कुणी म्हणालं, नदीच्या बाजूला संरक्षक भिंत बांधा. एकालाही नाराज करायचं नव्हतं, म्हणून आम्ही दोन्ही एकाच ठरावात घातलं. "वस्तीचे पुनर्वसन करण्यात यावे व नदीकाठी पूर संरक्षक भिंत बांधण्यात यावी." ग्रामसेवकांनी ते मोठ्याने वाचलं, सगळ्यांनी हात वर केले, सूचक मीच होते. त्या वेळी ते एकीचं लक्षण वाटलं.

फाईल जानेवारी २०२० मध्ये गेली. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही. तिथली माणसं बदलली असतील आणि मला कुणाशी वैर काढायचं नाही. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, मग आमची मुदत संपली, प्रशासक आले. विचारायला जाऊ तर उत्तर "प्रक्रियेत आहे." फोनवर "प्रक्रियेत आहे." नवीन बॉडी आल्यावर फेब्रुवारी २०२१ ला मी आणि वस्तीतला एक मुलगा सकाळी साडेदहाला जाऊन बसलो आणि म्हटलं, फाईल बघितल्याशिवाय उठणार नाही. तीन वाजता एका कपाटाच्या खालच्या कप्प्यातून सुतळीने बांधलेला गठ्ठा निघाला. आमच्या ठरावावर टाचणीने चिठ्ठी लावलेली, लाल शाईत दोन ओळी: "मागण्या परस्परविरोधी. त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावे." खाली तारीख मार्च २०२०. जावक क्रमांक नाही. म्हणजे चिठ्ठी लिहिली गेली, पण आम्हाला ती कधी पाठवलीच नाही. अकरा महिने ती तिथेच. मी विचारलं, कळवलं का नाही? तर म्हणाले, "तुम्ही आलाच नाहीत न्यायला."

त्या चिठ्ठीत जे लिहिलं होतं ते चुकीचं नव्हतं. वस्ती हलवायची असेल तर तिथे भिंतीवर खर्च कशाला, आणि भिंत बांधायची तर हलवायचं कशाला. शिवाय एक मागणी महसूलची, दुसरी जलसंपदाची. प्रत्येकाला ती दुसऱ्याकडे ढकलायला आम्हीच कारण दिलं. पण एका ओळीचं पत्र आलं असतं तर आम्ही पंधरा दिवसांत दोन ठराव करून दिले असते. त्या जुलैत पाणी पुन्हा आलं. पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या वर गेली, इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ असताना. वस्तीचा रस्ता पहिल्याच दिवशी गेला. आमच्या शेजारच्या आजी, अर्धांगवायूने पडून असलेल्या, त्यांना गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईत, बसवून पाच पोरांनी छातीभर पाण्यातून ढकलत नेलं. काहील गोल फिरत होती आणि त्या काठ धरून डोळे मिटून बसल्या होत्या. हे मी विसरू शकत नाही. रस्ता चार फूट उंच असता तर त्यांना खाटेवरून कोरड्या जमिनीवरून नेलं असतं.

त्यामुळे माझा सल्ला असा आहे, आणि यावर मी ठाम आहे: एका ठरावात एकच मागणी. एकच जागा, गट नंबरासह. पुनर्वसन हवं असेल तर त्याचा स्वतंत्र ठराव, स्वतंत्र फाईल, आणि तो सोडू नका, तो लांबचा पल्ला आहे. पण त्याची वाट बघत वस्ती उघडी ठेवू नका. दुसरी फाईल लहान, नेमक्या कामाची असू द्या. दोन्ही ठराव वेगवेगळ्या ग्रामसभांत घेतलेत तर आणखी बरं, म्हणजे इतिवृत्ताची नक्कल जोडताना एक मागणी दुसरीच्या खाली दिसत नाही.

दुसरं, भिंत मागू नका. हे माझं वैयक्तिक मत आहे, इथले काही जण चिडतील. आमच्याकडे जुनी माणसं म्हणायची, पाणी पुढनं येत नाही, मागनं येतं. नदी फुगली की ओढ्याला फुगवटा येतो, म्हणजे त्याचं पाणी नदीत न जाता मागे तुंबतं, आणि वस्तीत पाणी ओढ्याच्या अंगाने शिरतं, नदीच्या बाजूने शिरायच्या कितीतरी तास आधी. नदीकाठी कोटीभर रुपयांची भिंत बांधली असती तरी आम्ही बुडालोच असतो, आणि आत साठलेलं पावसाचं पाणी बाहेर पडलं नसतं ते वेगळंच. तुमच्या वस्तीत पाणी पहिल्यांदा कुठून आलं हे म्हाताऱ्या बायकांना विचारा. चुलीत पाणी कधी आलं ते त्यांना पक्कं आठवतं.

आम्ही २०२१ नंतर मागितलं ते वस्तीपासून गावापर्यंतचा रस्ता भराव टाकून उंच करणं आणि ओढ्यावरची मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायची वाट, मोठी करणं. मोरीवर विशेष भर द्या. नुसता भराव टाकलात तर तो बांध होतो आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्याचा ऊस कुजतो, मग तोच तुमच्याविरुद्ध तक्रार करतो, आणि त्याचं बरोबर असतं. शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावामुळे पाणी तुंबतं, तिथे पिलरचा पूल हवा, ही कोल्हापूरकरांची मागणी याच कारणाने आहे. नदीच्या पात्राकडे काम जात असेल तर पूररेषा आधी बघून घ्या. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, बांधकामाला अडचण येते आणि जलसंपदाचा ना हरकत दाखला लागतो. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

पैसे कुठून आले? आमचे जिल्हा नियोजन समितीतून. पण तुम्हाला दार एकच नाही. वस्ती अनुसूचित जातीची असेल तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाची दलित वस्तीची योजना आहे, ज्याला लोक अजून दलित वस्ती सुधार म्हणतात. त्यातून गटार आणि अंतर्गत रस्ते होतात, पण वस्तीचं काम त्यांच्या पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात असावं लागतं. तुमची वस्ती त्या आराखड्यात आहे का, हे आजच विचारा. कितीतरी वस्त्यांची नावंच त्यात नसतात आणि कुणाला पत्ता नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीकडे यायचा, पण त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असायचा, आणि काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर त्यावर खर्चच टाकता येत नाही. ग्रामपंचायत "आमच्याकडे निधी नाही" म्हणते तेव्हा आधी आराखड्याची प्रत मागा. आमच्या गावात वेशीची कमान आराखड्यात होती आणि वस्तीची गटार नव्हती. हे वाचताना मला अजून राग येतो.

राग यायचं मोठं कारणही आहे. ऑगस्ट २०२१ ला राज्याने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यातले ७,००० कोटी पुढच्या उपाययोजनांसाठी होते. आता जागतिक बँकेच्या कर्जातून कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणाचा तीन हजार कोटींवरचा प्रकल्प आहे. पैसा जाहीर होतो, आकडे मोठे असतात, बोगद्यांची आणि पुराचं पाणी वळवायची चर्चा होते, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर परिषदा होतात. त्या व्हायलाच हव्यात, नदीचं काम नदीच्या पातळीवरच होणार. पण सत्तर घरांच्या वस्तीची मोरी त्या नकाशावर दिसत नाही. ती दिसावी यासाठी कुणीतरी गट नंबर लिहून, अंदाजपत्रक जोडून फाईल द्यावी लागते, आणि ज्यांच्याकडे ते लिहून द्यायला माणूस नाही त्यांची फाईल जातच नाही. ज्या गावात कारखान्याचा संचालक राहतो तिथला रस्ता आपोआप उंच होतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

थोडं कार्यालयाबद्दल. निवेदन दिलं की आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, हे तुम्ही करत असालच. आम्ही ते केलं होतं, तरी फसलो, कारण पुढे काय झालं ते विचारायचं लेखी साधन वापरलं नाही. २०२१ ला मला कुणीतरी सांगितलं की राज्यात विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा आहे, लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. त्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे फाईल साधारण सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहायला नको. त्याचा हवाला देऊन पत्र दिलं आणि माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकला: आमची फाईल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होती आणि त्यावर काय शेरा आहे. एवढाच प्रश्न. लांबलचक दहा प्रश्न विचारू नका, त्यातल्या नवांची उत्तरं टाळता येतात. तीस दिवसांच्या आत टिपणीची प्रत हातात आली. हे मी मार्च २०२० ला केलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी आता करत नाही, पण तुम्ही करा.

जाता जाता रेशन कार्डाबद्दल. आमच्या वस्तीत तीन भाऊ, तीन चुली, पण कार्ड एकच, म्हणून एकच कुटुंब धरलं गेलं आणि १० हजार एकदाच मिळाले. विभक्त कार्डं पाऊस सुरू व्हायच्या आधी करून घ्या. घराची ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना आठला, नोंद नसेल तर तेही. पाण्याच्या खुणेला तेलाच्या रंगाने पट्टी मारा, बाजूला तारीख लिहा, टेपसकट फोटो काढा. आमच्या अंदाजपत्रकात रस्ता किती उंच करायचा हे उपअभियंत्यांनी समाजमंदिरावरच्या त्या रेघेवरूनच ठरवलं.

काम २०२३ ला पूर्ण झालं. २०२४ च्या जुलैत पाणी ओढ्यातून वर आलं तेव्हा वस्तीतली माणसं आणि जनावरं रात्री दोन वाजता त्या रस्त्यावरून चालत हायस्कूलला गेली. काहील लागली नाही. पुनर्वसनाची फाईल अजून फिरतेच आहे, तिचा पाठपुरावा वस्तीतली दोन मुलं करतात.

तुमची ग्रामसभा २ ऑक्टोबरला असेल आणि आराखड्याची चर्चाही साधारण तेव्हाच सुरू होते. त्याआधी ठरावाचा मसुदा इथे टाका, गट नंबर खोडून टाकलात तरी चालेल. मी वाचून सांगते.