सोलापुरात आईची शेंगा चटणी अन् कडक भाकरी विकतो, इन्स्टावर ९०० फॉलोअर झाले पण ऑर्डर येत नाहीत, काय करू?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि आमचं २०२० साल आठवलं. तुम्ही लिहिलंय की आई घरी चटणी कुटते, भाकरी करते, तुम्ही तीन महिने रोज पोस्ट टाकताय, तरी महिन्याला चार-पाचच ऑर्डर अन् त्यापण ओळखीतल्या, तर आता पैसे भरून प्रमोशन करू का. माझं म्हणणं, आत्ता नका करू. आधी त्या ९०० मधले सोलापुरातले किती ते बघा, प्रोफेशनल अकाउंट असेल तर इनसाइट्समध्ये गावाप्रमाणे दिसतं. मला वाटतं निम्म्याहून जास्त इथलेच निघतील, मित्र आणि मित्रांचे मित्र. आणि सोलापुरातला माणूस शेंगा चटणी ऑनलाइन कशाला मागवेल हो, चौकाचौकात मिळते, कित्येक घरात स्वतःच कुटतात. तुमचं गिऱ्हाईक इथं नाहीच. ते हिंजवडीत, खराडीत, ठाण्यात बसलंय, शिकून इथनं गेलेलं, आणि तिकडची मिक्सरला फिरवलेली कोरडी चटणी खाऊन कंटाळलेलं.

हे कळायला आमचं वर्ष गेलं. सासऱ्यांचे चार माग आहेत, चादर आणि टॉवेल. लॉकडाऊनमध्ये व्यापाऱ्यांनी माल उचलायचं थांबवलं, घरात गठ्ठे पडून. त्यावर्षी जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टावर रील्स आलं, नणंदेचा मुलगा म्हणला मामी आपणपण टाकू. मग मी रोज एक फोटो टाकायची, घडी घातलेली चादर, शेजारी फुलदाणी, खाली "किमतीसाठी मेसेज करा". लाइक यायचे, ऑर्डर नाही.

मग एकदा पुण्याच्या एका ताईंचा मेसेज आला, सोलापुरी म्हणून रस्त्यावर घेतलेली चादर दोन धुण्यात गोळे धरून बसली, तुमची खरी कशावरून? आता बोलून काय पटणार. मी आमच्या चादरीच्या कडेचा एक धागा ओढला, काडी लावली, तो कागदासारखा जळला, वास पण कागदाचा, बोटात चुरला की राख. दिरांनी बाजारातनं तसलीच एक स्वस्तातली चादर आणून ठेवली होती, तिचा धागा पेटवला तर तो आकसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. तो मणी मी नखाने टकटक वाजवून दाखवला. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, मागे मागाची खटखट, गाणं नाही, फिल्टर नाही. त्यांना पाठवला, मग रीलला पण टाकला. त्या आठवड्यात जेवढी चौकशी आली तेवढी आधीच्या सगळ्या महिन्यात मिळून नव्हती, आणि जवळपास सगळी बाहेरगावची. खाली लोक लिहायला लागले की आमच्याकडं आजीच्या वेळची चादर अजून आहे. सोलापुरी चादरीला जीआय आहे, म्हणजे त्या भागाच्याच मालाला ते नाव वापरता येतं असा सरकारी शिक्का, तरी दुसरीकडचा माल आपल्या नावावर विकतात, त्याचा राग नुसत्या आमच्या मनात नव्हता, बाहेर राहणाऱ्या आपल्या माणसांच्याही मनात होता, हे मला तेव्हा कळलं.

तुमच्याकडं तर याहून चांगलं दाखवण्यासारखं आहे. माझी वहिनी पण चटणी करते, तिलापण मी हेच सांगितलं, बरणीचा फोटो नको, कुटतानाचं दाखव. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, आणि कुटता कुटता एक वेळ अशी येते की कोरडा भुगा एकदम ओला दिसायला लागतो, वरून थेंबभर तेल न घालता शेंगदाण्याचंच तेल सुटतं, ते बत्त्याला चिकटतं. बास, तेवढाच क्षण जवळून घ्या. आवाज काढून टाकून वर गाणं लावू नका, बाहेर राहणाऱ्या सोलापूरकराला तो कुटायचा आवाजच ऐकायचाय. भाकरीचं पण तसंच, कडक भाकरी हातात घेऊन मोडा, कट्ट आवाज येऊ द्या. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर तसं लिहा, नसेल तर लिहू नका, आपल्या लोकांना चव कळते.

किंमत पोस्टमध्येच लिहा. पाव किलो एवढ्याला, पुण्याला पोच एवढ्याला, किती दिवसात. रात्री साडेदहाला घरची आठवण येऊन बघणारा माणूस "डीएम करा" बघून पुढं जातो, उद्या त्याला आठवत पण नाही. आणि मेसेज आला तर तासाभरात उत्तर द्या, हे फॉलोअर वाढवण्यापेक्षा जास्त कामाचं आहे, खरंच सांगते.

खरी विक्री आमची व्हॉट्सअ‍ॅपवर होते, इन्स्टावर फक्त ओळख होते. बिझनेस ॲप घ्या, फुकट आहे, कॅटलॉग भरा, लेबल लावा, पैसे आले, पार्सल गेलं असं. मी एक चूक केली होती, न विचारता दीडशे-दोनशे लोकांना ग्रुपमध्ये घातलं, लोकांनी रिपोर्ट केलं आणि नंबर दोन दिवस बंद, त्यात चालू ऑर्डरी अडकल्या, फार मनस्ताप झाला. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये चिठ्ठी टाका, नंबर सेव्ह करा, पुढचा घाणा कधी ते कळवतो. आमचे जुने गिऱ्हाईक असेच परत येतात.

प्रमोशन नंतर करा, कुठला व्हिडिओ फुकटात चालला ते बघून त्याच्यावरच थोडे पैसे लावा. त्यात लोक कुठले हवेत ते विचारतं, तिथं पुणे-मुंबई निवडा, आणि जाहिरात कशासाठी विचारलं की "मेसेज" निवडा. मी पहिल्यांदा प्रोफाइल बघण्याचं निवडलं आणि अख्खा भारत ठेवला, २००० रुपये गेले, बघणारे खूप आले, घेणारं एकही नाही.

खाण्याची वस्तू आहे म्हणून फूड लायसन्सचं आधी बघा, छोट्या घरगुती कामाला एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थ बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, बेसिक रजिस्ट्रेशन असतं, ऑनलाइन होतं. वहिनीचं काढलं तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. १४ आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापा आणि प्रोफाइलला पण लिहा. अनोळखी घरातलं खायला माणूस बिचकतो, तो नंबर बघून जरा धीर येतो.

आणि हे नीट वाचा. मोठी ऑर्डर देणारा "मी मिलिटरीत आहे, आधी पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणला की फोन ठेवा. आम्हाला ४० चादरींची अशी ऑर्डर आली होती, मिस्टर पिन टाकायच्या बेतात होते, मी हात धरला म्हणून वाचलो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून जाणार. तरी कुणाचे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा, वेळ घालवू नका.

भाकरी कुरिअरने पाठवताना मोडणार, वहिनीच्या पहिल्या पाच पार्सलमधल्या तीन लोकांना भुगाच मिळाला, तिने त्यांना पुन्हा नवीन भाकरी पाठवली. आता ती भाकऱ्या गोल स्टीलच्या डब्याच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घट्ट बसवते, मधे जागाच ठेवत नाही, आणि पुण्याला जमेल तेव्हा ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या गाडीने देते, सकाळी ते लोक स्टॉपवरून घेतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला बाहेरचे सगळे गावी येतात, त्याच्या आधी दोन-तीन आठवडे "येताय तर घेऊन जा" असा व्हिडिओ टाका. आईंना कॅमेऱ्याचा संकोच वाटत असेल तर चेहरा नका घेऊ, नुसते हात आणि उखळ घ्या, वहिनीचंपण तसंच चालू आहे.