स्मिता पाटील जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिच्यावरचा जीव कमी का होत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे, की जिला कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही, जी १९८६ सालीच गेली, त्या स्मिता पाटीलवर आमच्या वयाच्या बायका अजून एवढा जीव का टाकतात. हे खरंच तिच्या अभिनयाचं कौतुक, की अकाली गेली म्हणून हळहळ? मी माझ्यापुरतं सांगते. हळहळ आहेच, पण ती नंतरची. आधी आवडलं ते हे, की तिच्या अंगाला काम ठाऊक होतं. पडद्यावर ती खाली बसली, पदर खोचला, डोक्यावर काही उचललं, की नटी काम करून दाखवतेय असं कधी वाटलं नाही.

मी धर्माबादची. नांदेड जिल्ह्याचं पार टोक, पलीकडं तेलंगणा. आमच्या गावाची ओळख म्हणजे मिरचीचा बाजार. हंगामात सगळ्या गावाला ठसका लागलेला असतो. माझी माय मिरचीचे देठ खुडायला जायची. बायांनी ओळीनं बसायचं, नाकातोंडावर पदर बांधायचा, पुढ्यात लाल ढीग आणि दिवसभर बोटं चालू. संध्याकाळी घरी आली की हात पुन्हापुन्हा धुवायची, खोबरेल चोळायची, तरी आग जायची नाही. आम्हा लेकरांना जवळ घ्यायची ते कोपरानं. तळहात लांब धरून. आमच्या डोळ्याला लागू नये म्हणून.

हे इतकं सविस्तर सांगते, कारण कामाची बाई कशी बसते, कशी उठते, कंबर कशी धरते हे मी लहानपणापासून बघत होते. त्या काळी सिनेमातल्या बाया घागर घेऊन यायच्या, तर घागर रिकामी आहे हे आम्हा पोरींना लांबूनच कळायचं.

स्मिताला पहिल्यांदा पाहिलं ते माळेगावच्या जत्रेत, तंबू टॉकीजमध्ये, मायसोबत. माझं आजोळ लोह्याकडचं, त्यामुळं खंडोबाची ही जत्रा आम्ही चुकवत नसू. सिनेमा होता १९७७ सालचा ‘जैत रे जैत’, जब्बार पटेलांचा. त्यातली गाणी रेडिओवर ऐकून आधीच पाठ होती. ती लिहिली ना. धों. महानोरांनी, म्हणजे पळसखेड्याच्या, आपल्याच मराठवाड्याच्या शेतकरी कवीनं, आणि चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. मला अर्धी गोष्ट कळली नाही. पण ती ठाकरांची चिंधी डोंगराच्या वाटेनं चालायची तेव्हा माझी माय पुटपुटली, ‘ही चालायची सवय असलेली हाय.’ माझ्या मायनं कुठल्या नटीचं केलेलं एवढंच कौतुक मला आठवतं, आणि मला ते सगळ्या पुरस्कारांहून मोठं वाटतं.

पुढं वाचनात आलं, की ती मूळ खानदेशातल्या शिरपूरकडच्या घरातली. जन्म पुण्यात, १७ ऑक्टोबर १९५५. वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक, पुढं मंत्री. आई विद्याताई समाजकार्यात. राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात वाढलेली पोर. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या द्यायची, ते मात्र आमच्या नशिबी नव्हतं, कारण तेव्हा आमच्या भागात टीव्हीच पोचला नव्हता. तिथूनच श्याम बेनेगलांच्या नजरेत भरली. १९७५ सालच्या ‘निशान्त’नंतर ‘मंथन’ आणि ‘भूमिका’. ‘भूमिका’ हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेला. विशी नुकतीच ओलांडलेली मुलगी त्यात कोवळ्या पोरीपासून संसाराला, माणसांना कंटाळलेल्या बाईपर्यंतचं सगळं वय जगते. त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा मिळाला ‘चक्र’साठी. १९८५ मध्ये पद्मश्री.

आता तिच्या मरणाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ते आहे. २८ नोव्हेंबर १९८६ ला तिला मुलगा झाला आणि १३ डिसेंबरला ती गेली. वय ३१. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीनं. आमच्या गल्लीत बातमी आली ती रेडिओवरून. मला रडू आवरेना, आणि मला वाटलं माय ओरडेल, की सिनेमातल्या बाईसाठी काय रडतीस. पण तिनं आधी विचारलं, ‘बाळंतीण व्हती का वं ती?’ हो म्हटल्यावर ती जाग्यावर बसली. तिची थोरली बहीण अशीच गेलेली, पहिल्या खेपेला, दवाखाना गाठायच्या आत. ‘लेकरू किती दिवसाचं हाय?’ असं तिनं शेजारणींनाही विचारलं. नंतर त्या सगळ्या बराच वेळ आपापल्या घरातल्या बाळंतपणांबद्दलच बोलत बसल्या होत्या. कोण वाचली, कोण नाही. मुंबईत, मोठ्या दवाखान्यात, एवढी नावाजलेली बाई, तीसुद्धा तशीच गेली, हे त्यांना पटत नव्हतं आणि कळतही होतं. म्हणून म्हणते, आमची हळहळ ही पोस्टरवरच्या बाईसाठीची नव्हती. ती त्या दिवशी आमच्यातल्या गेलेल्यांमध्ये धरली गेली.

पुढच्या वर्षी ‘मिर्च मसाला’ प्रदर्शित झाला, केतन मेहतांचा. आमच्याकडं तो गणपतीत आला. मंडळानं भाड्यानं रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणला होता, रस्त्यावर सतरंज्या टाकून गल्ली बसलेली. गोष्ट इंग्रज अमदानीतल्या गुजरातची. सुभेदाराची नजर सोनबाईवर, म्हणजे स्मितावर पडते, ती पळत मिरचीच्या कारखान्यात शिरते, म्हातारा चौकीदार अबू मियाँ दार लावून घेतो. ओम पुरी काय उभा राहिलाय त्यात! गाव बाहेरून म्हणतं, तिला देऊन टाका आणि मोकळे व्हा. आतल्या बायकाही आधी तिलाच बोल लावतात. आणि सगळीकडं मिरचीचे ढीग. धर्माबादच्या बायांना तो कारखाना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटी बाया सुभेदारावर तिखट फेकतात, तेव्हा आमच्या रस्त्यावर असा गलका झाला, की पुढचं ऐकूच आलं नाही. सोनबाई हातात विळा घेऊन उभी आहे, तिच्या तोंडी शब्द नाही. माझी माय म्हणाली, ‘आठ दिवस डोळा उघडायचा नाही त्येचा.’ जाणकार माणसाचं मत होतं ते.

तेव्हापासून मी तिचे सिनेमे शोधून पाहायला लागले. धंदेवाईक सिनेमेही पाहिले, केवळ ती आहे म्हणून. अमिताभबरोबरचं ते पावसातलं गाणं लोकांना फार आवडतं, मला आवडत नाही. तिथं तिच्या अंगाला करायला काही कामच दिलेलं नाही. उलट ‘अर्थ’मध्ये तिच्याकडं संसार मोडणाऱ्या बाईची भूमिका. सगळी सहानुभूती शबानाकडं जाणार हे ठरलेलं. तरी ही बाई आतून कशी उसवत जाते हे तिनं असं दाखवलंय, की तिचा राग धरता येत नाही. ती आपल्याकडं दया मागत नाही, हे मला तिचं सगळ्यात अवघड काम वाटतं.

आणि ‘उंबरठा’. हा मी लग्नानंतर पाहिला. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून माझी नेमणूक किनवटच्या बाजूला झाली होती, मुलगी सासूबाईंकडं ठेवून आठवडाभर बाहेर राहावं लागायचं. त्यातली सुलभा शिकलेली, चांगल्या घरची सून. महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरी घेते, लहान मुलगी घरी ठेवून. तिला कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, नवरा वाईट नाही. आमच्या भागात अशा बाईला लोक विचारतात, ‘मग तुला कमी काय हाय?’ मलाही विचारलं होतं. सुलभा या प्रश्नाचं भाषण देऊन उत्तर देत नाही. ती आश्रमात जाते, भानगडी उपसते, बायकांशी कधी कठोर वागते, कधी चुकते, थकून घरी परतते, तर लेक काकूची झालेली आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. त्यावर स्मिता आकांत करत नाही. चेहऱ्यावर आधी न समजणं येतं, मग समजणं, मग एक हिशेब संपल्याचा भाव. शेवटी ती आगगाडीत बसून निघून जाते. तेंडुलकरांनी लिहिलंय चांगलंच, पण त्या चेहऱ्याचं काय लिहिणार? सोमवारी पहाटे किनवटच्या एसटीत बसल्यावर मला तो आठवायचा, आणि खरं सांगते, त्यानं बळ यायचं.

तिच्या सावळ्या रंगाबद्दलही लोक खूप लिहितात. मला बघायला आलेल्या एका स्थळानं ‘मुलगी काळी आहे’ असं दारातच सांगितलं होतं. तेव्हा माझ्या वहीत तिचा मासिकातून कापलेला फोटो होता. एवढंच पुरे.

तुम्ही तिचं काही पाहिलं नसेल, तर सुरुवात ‘मंथन’पासून करा. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला सिनेमा आहे, आणि त्याची दुरुस्त केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. मिळाली तर तीच पाहा, जुन्या धूसर प्रतीत तिचे डोळे नीट दिसत नाहीत. मग ‘भूमिका’. ‘मिर्च मसाला’ चारचौघांत बसून पाहा. ‘उंबरठा’ मात्र घरात सासूबाई, आई, लेक जी कोणी असेल तिला शेजारी बसवून पाहा. माझ्या सासूबाईंनी पाहिला तेव्हा त्या सुलभाच्या सासूची बाजू घेऊन माझ्याशी कडाकडा भांडल्या होत्या, आणि माझ्या मुलीनं आम्हा दोघींच्या मधे बसून सुलभाची बाजू घेतली होती.