वाचकांचे प्रश्न : एएची मीटिंग शोधताना

प्रश्न : माझे मिस्टर (वय ४३) रबाळे एमआयडीसीत पाळीवर काम करतात. तीन आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले. आता अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मीटिंगला जात राहा, असं तिथे सांगितलं. ठाण्यात एकदा गेले. चर्चच्या आवारात, सगळं इंग्रजीत, शेवटी प्रार्थना. वर आमच्याच सोसायटीतले एक गृहस्थ समोर बसलेले. आता म्हणतात, "हे आपलं काम नाही." दुसरी मीटिंग कशी शोधू?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, शोधायचं त्यांनी. तुम्ही फोन केलात तर पत्ता मिळेल, पण एएच्या फोनवर बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेला सभासद असतो आणि त्याला पिणाऱ्याशीच बोलायचं असतं. त्या पाच मिनिटांत निम्मी भीड मोडते. एएचं भारतातलं सेवा कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. तिथून ठाणे-नवी मुंबईतल्या गटांची माहिती मिळते. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, तीही मोफत आहे.

नुसता पत्ता घेऊन फोन ठेवू नये. भाषा कोणती, मीटिंग 'ओपन' (सगळ्यांसाठी खुली) की 'क्लोज्ड' (फक्त पिणाऱ्यांसाठी), इमारतीचं फाटक कुठलं, मजला कितवा, हे विचारावं. महापालिकेच्या शाळेत किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरणाऱ्या गटाची पाटी छोटी असते, वॉचमनलाही धड माहिती नसते, आणि नवा माणूस फाटकावरूनच परत फिरतो. म्हणून सरळ म्हणावं, "स्टेशनवर कुणी घ्यायला येईल का?" बरेचदा येतात. नेटवरची यादी जुनी असू शकते. परीक्षा, निवडणूक, सुट्टी आली की शाळेतली खोली मिळत नाही. त्याच दिवशी दुपारी फोन करून खात्री करावी.

आता त्यांच्या तक्रारी. भाषेची खरी आहे. जे सांगायचं ते मराठीतच सुचत असेल तर मराठी किंवा हिंदी गटच गाठावा. चर्चची मात्र गैरसमजातून आलेली आहे. ती फक्त भाड्याची जागा. एए कुठल्याही धर्माशी वा पंथाशी बांधलेली नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी एएने आखलेल्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख येतो, पण 'आम्हाला समजला तसा' या शब्दांसह. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तरी कुणी हटकत नाही. राहिले शेजारी. तेही त्याच कारणासाठी आले होते ना? तरीही संकोच वाटत असेल तर ट्रान्स हार्बर लाइन आहेच. दोन-चार स्टेशनं सोडून, वाशी-नेरूळकडची मीटिंग धरावी. हजेरीपट नसतो, आडनाव विचारत नाहीत. फी नाही, शेवटी पिशवी फिरते, ऐपतीप्रमाणे टाकायचे, पहिल्यांदा आलेल्याने नाही टाकले तरी चालतं.

पाळीचा प्रश्न आमच्या मते या तिन्हींपेक्षा मोठा. मीटिंग सहसा संध्याकाळी सातच्या पुढे, तास-दीड तास. दुपारपाळीच्या आठवड्यात ती हुकते, मग पुढच्या आठवड्यात जायची लाज वाटते, आणि तिथेच घसरण सुरू होते. म्हणून एक गट नव्हे, दोन गट ठरवा : एक नेहमीचा, दुसरा सकाळचा, रविवारचा किंवा ऑनलाइन भरणारा. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा असा प्रघात आहे, नियम नाही. पण निदान पाच-सहा वेगवेगळ्या मीटिंगा केल्याशिवाय 'आपलं काम नाही' म्हणू नये. दर गटाचा स्वभाव वेगळा असतो. पाच-दहा मिनिटं आधी जावं आणि संपल्यावर चहाला थांबावं. फोन नंबर तिथेच मिळतात, आणि रात्री अकराला पिण्याची उबळ आली की तेच कामी येतात.

तुम्हाला सोबत जायचं असेल तर फक्त ओपन मीटिंगला. क्लोज्ड मीटिंग पिणाऱ्यांपुरतीच. तुमच्यासाठी अल-अ‍ॅनॉन हे घरच्यांचे वेगळे गट आहेत. मिस्टर गेले नाहीत तरी तुम्ही जा.

प्रश्न : धाकटे दीर रोज दोन क्वार्टर घेतात. सोमवारपासून एकदम बंद आणि त्याच संध्याकाळी मीटिंग, असं ठरलंय. चालेल ना?
— एक वाचक, कळवा

उत्तर : मीटिंग चालेल. एकदम बंद करणं, तेही डॉक्टरांना न विचारता, चालणार नाही. रोज पिणाऱ्याची दारू तुटली की सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात भ्रम, भास, बरळणं सुरू झालं तर जिवावर बेततं. मीटिंगमध्ये डॉक्टर नसतो, औषध मिळत नाही. सोमवारच्या आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय जवळच आहे. रोज किती पितात, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट आली होती का, हे खरं सांगा. घरचे लाजून आकडा निम्मा सांगतात आणि औषधाचा डोस कमी पडतो. घरी असताना फिट आली किंवा माणूस ओळख विसरला तर थेट १०८.

प्रश्न : हे मीटिंगला तयारच नाहीत. चहातून 'दारू सोडवायची गोळी' देऊ का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : नको. अशा गोळीत डायसल्फिरम असेल आणि त्यावर ते प्यायले, तर चेहरा लाल होऊन उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, सगळं एकदम होतं. हृदयाचं दुखणं असेल तर मृत्यूही. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ती घेणाऱ्याला माहीत असताना, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते. तोवर तुम्ही अल-अ‍ॅनॉनचा गट शोधा.