आर्मेनियाहून काय मागवावे?

प्रश्न : माझी पुतणी आर्मेनियाची राजधानी येरेवान येथे वैद्यकीय शिक्षण घेते. मे महिन्यात ती घरी येणार असून त्याच सुमारास घरात लग्नकार्य आहे. आहेरासाठी तिकडचे हातकाम आणावे असा विचार आहे. सगळे गालिचा सुचवतात. खरे हातकाम ओळखायचे कसे आणि ते आमच्या हवेत टिकेल का? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : तिला शनिवारी किंवा रविवारी सकाळी येरेवानच्या वेर्निसाझ बाजारात जायला सांगावे. रिपब्लिक चौकाजवळचा हा उघड्यावरचा बाजार इतर दिवशीही असतो, परंतु शनिवार-रविवारी तो खऱ्या अर्थाने भरतो आणि स्वतः वस्तू घडवणारे कारागीरही तिथे भेटतात. वस्तू कोणी, कुठे आणि किती दिवसांत केली, हे जो विक्रेता तपशिलाने सांगू शकतो, त्याच्याकडून घेणे केव्हाही चांगले.

गालिचा पाहायचा तो उलटा करून. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागच्या बाजूलाही जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते, गाठींच्या ओळी किंचित वरखाली असतात आणि टोकाची झालर म्हणजे ताण्याचेच उरलेले धागे असतात. झालर वेगळी शिवून लावलेली आढळली, तर तो गालिचा बहुधा यंत्रावरचा समजावा. पांढरे ओले फडके रंगावर घासून पाहावे. आर्मेनियाचा प्रसिद्ध किरमिजी रंग आरारात मैदानातल्या खाऱ्या पाणथळीत, गवताच्या मुळांवर जगणाऱ्या किड्यापासून काढत असत. हा किडा आता दुर्मीळ झाला आहे, त्यामुळे नव्या गालिच्यावर तोच रंग आहे असे सांगून कोणी जास्त पैसे मागितले, तर ते देऊ नयेत. जुना गालिचा देशाबाहेर नेण्यासाठी तिथल्या सांस्कृतिक खात्याची परवानगी लागू शकते, म्हणून नवाच घ्यावा आणि पावती जपून ठेवावी.

तरीही आमचा सल्ला गालिच्याचा नाही. वेंगुर्ल्याच्या पावसाळ्यात लोकरीला कसर आणि बुरशी या दोन्हींचे भय असते. ज्या घरात चार महिने कपडे नीट वाळत नाहीत, तिथे आहेरात आलेला मोठा गालिचा नवदांपत्याला ओझेच होईल. त्यापेक्षा सुईने केलेली आर्मेनियन लेस मागवावी. या कामात आकडा किंवा मागही लागत नाही. साधी शिवणाची सुई आणि दोरा घेऊन मधल्या बिंदूपासून फेऱ्या घालत बाहेर जायचे आणि प्रत्येक फासाला बारीक गाठ द्यायची, अशी तिची रीत असते. बोटाने चाचपली की या गाठी जाणवतात, आणि प्रत्येक फास स्वतंत्रपणे बांधलेला असल्यामुळे एक धागा तुटला तरी सगळी वीण उसवत नाही. आपल्याकडच्या क्रोशाच्या कामापेक्षा ती अधिक नाजूक दिसते. सुती लेस गार पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सपाट वाळवता येते. रुखवतात मांडायला याहून शोभिवंत वस्तू क्वचितच सापडेल.

जोडीला वधूवरांच्या नावांची आर्मेनियन आद्याक्षरे कोरलेले चांदीचे पदक घेता येईल. मेस्रोप माश्तोत्स यांनी इ. स. 405 च्या सुमारास घडवलेली ही लिपी तिथल्या लोकांना प्राणप्रिय आहे आणि तिची अक्षरे कारागीर पक्ष्यांच्या आकारातही रेखाटतात. डाळिंब हे समृद्धीचे आणि सुफळ संसाराचे चिन्ह मानले जात असल्यामुळे मातीचे रंगवलेले डाळिंबही लग्नाला शोभते. जर्दाळूच्या लाकडाचे दुदुक हे वाद्य मात्र वाजवणारा घरात असेल तरच घ्यावे. केवळ शोभेसाठी केलेले दुदुक पुष्कळदा सुरात नसते.

प्रश्न : गालिचा आधीच घरी आला असेल, तर काय करावे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पावसाळ्यापूर्वी दोन्ही बाजू झटकून उन्हात द्याव्यात, पण भर दुपारच्या उन्हात फार वेळ ठेवू नये, रंग उडतो. नंतर घडी न घालता, नक्षी आत ठेवून गुंडाळावा आणि सुती चादरीत बांधावा. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा कोंडतो. तो जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. चादरीच्या घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि पाऊस थोडा उघडला की गुंडाळी सोडून पाहावी, कारण कसर लागली तर ती अंधाऱ्या, न हलवलेल्या जागीच वाढते.

प्रश्न : पार्सलने मागवणे स्वस्त पडेल का? — एक वाचक, मालवण

उत्तर : बहुधा नाही. डिसेंबर 2019 पासून परदेशातून टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या भेटवस्तूंची सीमाशुल्कातील सवलत राखी आणि जीवनावश्यक औषधे वगळता काढून घेण्यात आली आहे. लेस किंवा पदक यांसारखी हलकी वस्तू येणाऱ्या माणसाच्या सामानातून आणणेच सोयीचे पडेल.