गोळी एवढी जड कशाला?

प्रश्न: सर, अमेरिकेत हौशी लोक सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) वाइल्डकॅट काडतुसांसाठी, म्हणजे तयार काडतुसात स्वतः बदल करून बनवलेल्या काडतुसांसाठी, खास रायफली बनवून घेतात, त्यात गोळी एवढी जड का असते?

उत्तर: गोळीचा वेग आवाजापेक्षा, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरपेक्षा कमी ठेवला की तो चाबकासारखा कडाका होत नाही, पण वेग गेला की ताकदही जाते, मग ती वजनानेच भरून काढायची. ओहायोच्या जे. डी. जोन्स यांनी .२२१ फायरबॉल या काडतुसाच्या धातूच्या नळीचं (केसचं) तोंड मोठं करून .३०० व्हिस्पर हे काडतूस काढलं, त्यात २४० ग्रेनची म्हणजे जवळपास साडेपंधरा ग्रॅमची गोळी बसते! पण खरं कसब बॅरलचं बघा. जड गोळी लांबही असते, ती डगमगू नये म्हणून आतल्या खाचांना पीळ जास्त लागतो, ८ इंचात एक फेरा, नेहमीच्या .३०८ काडतुसाच्या रायफलीला १० किंवा १२ इंचांवर भागतं.