गावाने केलेले मासेमारीचे नियम टिकतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मालवण तालुक्यातल्या एका गावातले रापणकर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे), गिलनेटवाले (पाण्यात उभं जाळं लावणारे) आणि थोडे छोटे ट्रॉलरवाले मिळून आपल्या किनाऱ्यापुरते नियम ठरवू पाहताहेत. ते कायद्यात बसतं का, आणि पाळलं जातं का? मी बरीच वर्षं मच्छीमार सोसायटीच्या कारभारात होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

कायद्यात अर्धंच बसतं. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत चालतो. कुठे, कोणत्या जाळ्याने, कोणत्या काळात मासेमारी करायची याचे आदेश राज्य सरकार काढतं. सल्लागार समितीची तरतूद आहे, पण गावाला स्वतःचा असा अधिकार नाही. केरळने २०१७ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करून गाव, जिल्हा आणि राज्य अशा तीन पातळ्यांवर मत्स्यव्यवस्थापन परिषदा आणल्या. आपल्याकडे तसं काही नसल्याने तुमचा ठराव तुमच्या सभासदांपुरताच. परप्रांतीय ट्रॉलर घुसला म्हणून पोरांनी भर समुद्रात त्याला अडवलं, तर ट्रॉलर राहील बाजूला आणि पोरांवर गुन्हे दाखल होतील. गावातल्याच कुणी नियम मोडला म्हणून गावकीने त्याला वाळीत टाकलं, तर २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आड येतो. दंड काय ठेवायचा याची चर्चा करण्याआधी हे सगळ्यांना समजावून सांगा.

मग जोर कशात? माझ्या मते बंदरावरच्या लिलावात. समुद्रात कोण काय करतो हे कुणालाच दिसत नाही, पण टोपली वाळूवर उतरली की सगळं उघडं पडतं. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पकडू नये असा सरकारी नियम आहे. तो बोटीवर पाळला जात नाही, कारण मासा वर आला तेव्हाच संपलेला असतो. परत टाकून फायदा कुणाचा? तो नियम खरा पाळायचा तर जाळ्याची आस, म्हणजे भोकं, मोठी हवी, आणि बारीक मासळीला लिलावात बोली लागता कामा नये. त्यामुळे पहिल्या बैठकीला व्यापारी आणि मासळी विकणाऱ्या बायका हव्यातच. पुष्कळ गावांत त्यांना बोलावत नाहीत, आणि मग ठराव कागदावरच राहतो.

सुरुवात बांगड्यापासून करू नका. बांगडा, तारली यांचा थवा आज तुमच्यासमोर, उद्या वेंगुर्ल्यात, परवा गोव्यात. तुम्ही सोडलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यात गेला की दोन महिन्यांत लोक म्हणतात, आपणच का उपाशी राहायचं? सुरुवात खाडीतल्या तिसऱ्यांपासून, म्हणजे शिंपल्यांपासून करा. तिसऱ्या जागच्या हलत नाहीत, काढणारी माणसं ओळखीची असतात, आणि थांबल्याचा फायदा थांबणाऱ्यालाच मिळतो. केरळात अष्टमुडी तलावातल्या तिसऱ्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी, जाळ्याच्या आसेची मर्यादा असे नियम झाले. २०१४ मध्ये त्या मासेमारीला शाश्वततेचं एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलंच. कालावल किंवा कर्लीच्या खाडीत असं काही का होऊ नये, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

रापणीबद्दल थोडं कडू बोलतो. जाळ्याचे तुकडे सभासदांचे, ओढायला गाव, वाटे ठरलेले, टाकायची पाळी ठरलेली. म्हणजे एकत्र कारभाराची सवय आपल्याला आधीपासून आहे, आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण रापणीच्या खोलातही, म्हणजे जाळ्याच्या पिशवीतही, बारीक पिल्लं येतात. पर्ससीनवाल्यांकडे (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरणाऱ्यांकडे) बोट दाखवण्याआधी आपल्या जाळ्याची आस मोजून घ्या, नाहीतर बैठकीत पहिला प्रश्न तोच येईल.

गावाच्या पलीकडचं काम तालुक्यांनी एकत्र येऊन करायचं. पारंपरिक मच्छीमारांच्या रेट्यामुळे आणि पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालामुळे ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश निघाला, पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा उरली. एकट्या गावाला हे जमलं नसतं. अंमलबजावणी लंगडी आहे हे खरं, तरी २०२१ च्या दुरुस्तीने दंड लाखांत गेले आहेत. आणि एलईडी दिवे लावून मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. म्हणून देवगड ते वेंगुर्ला सोसायट्यांनी एकच तक्रार वही ठेवावी: तारीख, वेळ, जीपीएसवरची जागा, बोटीचा क्रमांक, फोटो. एकेका गावाने फोनवर केलेल्या तक्रारीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

लोकांना 'संवर्धन' हा शब्द ऐकवून उगाच घाबरवू नका. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून त्या शब्दाने इथे कपाळाला आठ्या पडतात. याउलट २०१८ पासून जाळ्यात सापडलेलं कासव किंवा डॉल्फिन जाळं कापून सोडल्यास २५ हजारांपर्यंत भरपाई मिळू लागली, आणि तेच मच्छीमार स्वतःहून फोटो काढून पाठवू लागले. जाळ्याचा खर्च भरून निघतो म्हटल्यावर कोण नको म्हणेल? तुमच्या नियमातही थांबणाऱ्याचं नुकसान कोण भरणार हे आधी लिहा. डिझेल, बर्फ, लिलावातली कमिशनं यांतून सोसायटीला थोडी रक्कम बाजूला ठेवता येते. पोटनियमात तशी तरतूद करून घ्या, म्हणजे ऑडिटला अडचण येणार नाही.